कणगीला आतून कडी

“मग चला ना आमच्याबरोबर!” संग्राम म्हणाला.

तो हे म्हणाला तेव्हा मी ओट्याशी पोहे परतत होते आणि मला जराही भीती वाटली नाही. कारण पुढचं सगळं ठरलेलं असतं. समोरच्यानं ‘नको नको, कशाला’ म्हणायचं, आपण ‘अहो, मजा येईल’ म्हणायचं, त्यांनी ‘पुढच्या वेळी नक्की’ म्हणायचं, आपण चेहरा पाडायचा आणि मनात हुश्श करायचं. माझ्या आईनं साताऱ्यात अशी आमंत्रणं दिवसाला दोन-चार तरी दिली असतील. त्यातलं एकही कुणी घेतल्याचं मला आठवत नाही.

शालनकाकूंनी चहाची बशी खाली ठेवली. पदरानं तोंड टिपलं.

“बरं,” त्या म्हणाल्या.

रंगरावकाकांनी चष्म्यावरून बायकोकडे पाहिलं. संग्रामनं माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांकडे पाहिलं, ते तळाला लागले होते.

“म्हणजे... याल?” संग्रामनं विचारलं.

“येतो की. तू एवढं म्हणतोयस तर. कधी निघायचं?”

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. आम्ही तेव्हाही नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरातच राहत होतो. ‘आम्ही’ म्हणायचं आपलं. माझं लग्न नोव्हेंबरात झालं, नवव्या दिवशी नवरा विमानात बसला, आणि माझा व्हिसा यायला मे उजाडला. सात महिन्यांच्या संसारात आम्ही एकत्र काढलेले दिवस जेमतेम दीड महिना भरले असते, आणि त्यातही एकटे असे नाहीच. दर शनिवार-रविवारी कुणी ना कुणी यायचं. कारण नवऱ्याचं नाव जरी संग्राम असलं तरी त्यानं जन्मात कुणाशी साधं ‘नाही’ म्हणण्याइतकंही युद्ध केलेलं नव्हतं. भाजी कोणती करू? काहीही चालेल. पडदे कुठले घेऊ? तुला आवडतील ते. माणूस गोड होता, पण त्याला नेमकं काय हवंय हे कळायला मार्ग नव्हता.

आणि मला ते कळायलाच हवं होतं. साताऱ्याच्या एका कॉलेजात गणित शिकवायची नोकरी मला लागली होती. पत्र बाबांनी मागाहून पाठवलं. एक जुलैला रुजू व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. ते पत्र मी संग्रामच्या हातात दिलं. त्यानं दोनदा वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाला, “तुला जसं वाटेल तसं.”

मला जसं वाटत होतं तसं मी त्या क्षणी केलं असतं तर त्याच्या डोक्यात कढई बसली असती.

मग मी ठरवलं, तीन दिवस याला कुठेतरी लांब न्यायचं. जिथे दोनशे मैलांत ओळखीचं माणूस नाही, फोन लागत नाही, आणि ‘काहीही चालेल’ म्हणायला दुसरं काही शिल्लक नाही अशा जागी. तिथे याच्याकडून काढून घ्यायचं, मी राहावं की जावं. आणि जायचंच असेल तर निदान थाटात राहून जायचं. आयुष्यात मी लॉजवर राहिले होते ते फक्त कॉलेजच्या सहलीत, एका खोलीत अकराजणी.

तीन आठवडे मी लॅपटॉपला चिकटले होते. अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत चैनीची ठिकाणं शोधणं हे पूर्णवेळ काम आहे हे मला तेव्हा कळलं. एका ठिकाणी पलंगाच्या डोक्याशी अस्वलाचं आख्खं कातडं, तोंडासकट. दुसऱ्या ठिकाणी नळ सोन्याचे, पण जेवण चाळीस अनोळखी माणसांबरोबर एका टेबलावर. तिसरीकडे मोठ्या कौतुकानं लिहिलं होतं की, पाहुण्यांना पहाटे पाचला गाई पिळता येतील. मग सापडलं ते. नेब्रास्काच्या पार आत सँडहिल्स नावाच्या गवताळ टेकड्या आहेत, तिथल्या एका रँचवर धान्य साठवायची जुनी गोल पत्र्याची कोठी होती. तिच्यात एकच खोली केली होती, दोघांसाठी. गोल छताला मधोमध काच, तांब्याचा टब, सकाळी दाराशी न्याहारीची टोपली. ‘जवळपास पाहण्यासारखं’ या मथळ्याखाली मालकिणीनं लिहिलं होतं : काही नाही.

मी नाचतच बुकिंग केलं. आणि निघायच्या आदल्या आठवड्यात संग्रामचे काका-काकू शिकागोहून आमच्याकडे पंधरा दिवसांसाठी आले. गडहिंग्लजची माणसं. लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिने अमेरिकेत होती. संग्रामचे वडील लवकर गेले, तो वाढला काकांच्याच घरात, त्यामुळे ‘या तीन दिवसांत जरा हॉटेलात राहता का’ असं त्यांना म्हणायचा प्रश्नच नव्हता. ती दोघं तीन दिवस आमच्या घरात खुशाल राहिली असती. पण याला म्हणायचंच होतं, ‘चला ना’.

“अरे, मला काय माहीत ‘बरं’ म्हणतील!” तो बाथरूमचा नळ सोडून कुजबुजला. आमची सगळी भांडणं तेव्हा नळ सोडूनच व्हायची.

“जागा दोघांची आहे, संग्राम! एक पलंग!”

“बघू की. होईल काहीतरी.”

मी नळ बंद केला.

रंगरावकाका एसटीत कंडक्टर म्हणून लागले आणि गडहिंग्लज डेपोचे वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. त्यांनी आमच्या गाडीचा ताबाच घेतला. सुटण्याची वेळ सात-दहा. सात-नऊला ते पुढच्या सीटवर पट्टा लावून, मांडीवर डायरी घेऊन बसले होते. संग्रामनं किल्ली फिरवल्यावर त्यांनी मागे वळून प्रवासी मोजले आणि तोंडानंच आवाज काढला, “टण टण!”

“डबल बेल दिल्याशिवाय गाडी हलायची न्हाई ह्यांची,” काकू मला म्हणाल्या. “लग्नाच्या वरातीत पण दिली हुती.”

मी हसले नाही. मी फुगले होते, आणि पाच तास फुगून राहायचा माझा बेत होता. पण चौथ्या तासाला शेवटचं गाव मागे पडलं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसत्या हिरव्या टेकड्या सुरू झाल्या. झाड नाही, घर नाही, लांबवर एखादी पवनचक्की आणि तिच्या पायाशी पाण्याच्या टाकीभोवती काळ्या गाई. काका दर दहा मिनिटांनी म्हणायचे, “स्टॉपच न्हाई की रे कुठं!” आणि डायरीत तसं लिहायचे.

मालकीण मार्लिस फाटकाशी उभी होती. सत्तरीची, संग्रामहून उंच, पायात गुडघ्यापर्यंत बूट. तिनं गाडीतून उतरणारी माणसं पाहिली. एक. दोन. तीन. मग काकू, हातात चकलीचा डबा घेऊन.

“बुकिंग दोघांचं होतं ना?” तिनं विचारलं.

“हो,” मी म्हणाले.

“अच्छा,” ती म्हणाली, आणि आम्हाला आत घेऊन गेली.

“अगं, ही तर कणगी!” काकू बाहेरूनच ओरडल्या. “पत्र्याची कणगी! माणसांना ऱ्हायाला कणगी दिलीय!”

पण आत पाय टाकला आणि त्या गप्प झाल्या. आम्ही सगळेच झालो. वरच्या काचेतून ऊन सरळ पलंगावर पडलं होतं, पांढऱ्याशुभ्र चादरींवर. भिंती गोल, लाकडाच्या. गालिचा इतका जाड की पाऊल बुडावं. आणि खोलीच्या मधोमध, पलंगापासून दोन हातांवर, लखलखीत तांब्याचा टब.

काकांनी बोटानं टब वाजवून पाहिला. “भांडं बेष्ट आहे. पण हे... इथंच?”

“हो,” मी म्हणाले.

“आडोसा?”

“आडोसा नाही, काका.”

“आणि पडदा?”

“दोघंच असणार म्हणून नाही लावलेला,” संग्राम म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

आम्ही तिघं टबाकडे पाहत उभे राहिलो. मला तशा परिस्थितीतही हसू यायला लागलं, ते मी ओठ चावून धरलं. काकू मात्र टब सोडून दाराकडे गेल्या होत्या. जाड जुन्या लाकडाचं दार आणि त्याला आतून लोखंडाची लांब कडी. त्यांनी ती सरकवली. काढली. परत सरकवली.

“आतनं कडी हाय,” त्या कुणाला तरी म्हणाल्या.

मार्लिसनं तोडगा काढला. नदीकाठी, हाकेच्या अंतरावर, तिच्या सासऱ्यांच्या काळचा मेंढपाळाचा गाडा उभा होता. चार चाकं, वर जाड कापडाचं छत, आत एक शेगडी आणि मागच्या बाजूला आडवा पलंग. स्वच्छ होता, पण चैनीचा म्हणाल तर नाही. दोघांनी तिथे झोपावं, दोघांनी इथे.

आता इथे मी तुम्हाला शपथेवर सांगते, मी मनात म्हणत होते की गप्प बस. काका स्वतःच म्हणतील, ‘तुम्ही नवी माणसं, तुम्ही राहा इथं, आम्ही जातो गाड्यात.’ फक्त गप्प बस. पण साताऱ्याचं वळण अंगात होतं. तोंड आपोआप उघडलं आणि माझाच आवाज मला ऐकू आला.

“काकू, तुम्ही दोघं इथं राहा ना. आम्ही काय, कुठंही झोपू.”

म्हणून झालं आणि मी वाट पाहू लागले. नको नको. त्या म्हणणार होत्या, नको नको.

“बरं,” शालनकाकू म्हणाल्या आणि चकलीचा डबा टबाशेजारच्या चौरंगावर ठेवला.

बॅगा घेऊन आम्ही गाड्याकडे निघालो. पायऱ्यांशी आल्यावर संग्राम म्हणाला, “या वेळी मी काही म्हणालो नव्हतो हं.”

मी त्याच्या अंगावर बॅग फेकली.

गाड्यातला पलंग एका माणसाला ऐसपैस आणि दोघांना अशक्य असा होता. एकानं कूस बदलली की दुसऱ्याला बदलावी लागे. त्या संध्याकाळी आम्ही पायरीवर बसून मार्लिसनं पाठवलेलं सूप प्यायलो, आणि नऊ वाजेपर्यंत मावळायचं नाव न घेणारा सूर्य पाहिला. छान होतं, खोटं कशाला बोलू. मी दोनदा पत्राचा विषय काढला. एकदा तो म्हणाला, “तुझं करिअर आहे, मी कोण अडवणार.” दुसऱ्यांदा म्हणाला, “सूप गार होतंय.” याला फरकच पडत नाही, मी गेले काय आणि राहिले काय, असं मला वाटलं, आणि मी भिंतीकडे तोंड करून झोपले. म्हणजे कापडाकडे.

सकाळी नऊला आम्ही कणगीपाशी आलो तर दार बंद. दाराशी न्याहारीची टोपली तशीच. साडेनऊ. दहा. काका! ज्या माणसानं तीस वर्षांत एक गाडी उशिरा सोडली नाही तो माणूस!

“बरे असतील ना?” संग्राम घाबरला. “हाक मारू?” म्हणत त्यानं दारावर थाप मारायला हात उचलला.

मार्लिस कुंपणापाशी गाईंना चारा टाकत होती. तिनं दाराकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं आणि मान हलवली. “मी तुझ्या जागी असते तर नसती मारली,” ती म्हणाली.

दहा-चाळीसला कडी निघाल्याचा आवाज आला आणि काका बाहेर आले. केस ओले, अंगाला लव्हेंडरचा घमघमाट. आमच्याकडे न पाहता टोपली उचलली, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, “रस्त्यात जरा ट्रॅफिक हुतं.”

मागून काकूंचं हसणं आलं. तसं हसताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

दुपारी मार्लिसनं विचारलं, टाकीत बसणार का? आम्हाला वाटलं, पोहायची टाकी. तर तिनं ट्रकमधून काढली ती गुरांना पाणी पाजायची टाकी. पत्र्याची, गोल, चांगली आठ फूट रुंद, आतून कडेनं लाकडी बाक ठोकलेला. इकडची माणसं म्हणे उन्हाळ्यात अशा टाकीत बसून नदीतून वाहत जातात. सुकाणू नाही, शीड नाही. नदी गुडघाभर, बुडायची सोय नाही. “दोन तासांनी पुलाखाली भेटते,” मार्लिस म्हणाली, आमच्या हातात एक वल्हं दिलं आणि टाकीला पायानं ढकललं.

टाकी निघाली आणि गरागरा फिरायला लागली.

“टण!” काका ओरडले. एक घंटा म्हणजे थांबा. नदी काही एसटी महामंडळात नव्हती. काठावरच्या गाई, पवनचक्की, टेकडी, परत त्याच गाई, परत पवनचक्की असं आमच्याभोवती फिरू लागलं. काकूंनी ओचे खोचले होते, दोन्ही हातांनी कड धरली होती, आणि प्रत्येक गिरकीला “आई गं! आई गं!” करून हसत होत्या. संग्राम वल्हं मारायचा तशी टाकी उलटी फिरायची. काका त्याला सूचना देत होते, “डावीकडं घे! डावीकडं! तुझं डावं न्हवं, माझं डावं!” आणि फिरता फिरता कुणाचंच डावं जागेवर राहत नव्हतं. मला इतकं हसू लोटलं की पोटात कळ आली. मी तिघांवर रागावले होते, आणि हसता हसता तो राग कुठे धरून ठेवावा हेच कळेना.

मग नदी जरा रुंद झाली, टाकी हळू झाली. काकूंनी डोळे पुसले.

“पोरी, एक सांगू का? तुझी सहल मोडली ते मला ठावं हाय.”

मी ओढणीचं टोक पिळायला लागले.

“तुझ्या त्या कॉम्प्युटरवर फोटो हुता. तू आत गेली हुतीस, मी बटाटं सोलत हुते. दार दिसलं मला. आतनं कडी असलेलं. मग म्हटलं, ह्यो संग्राम ‘चला’ म्हणल्याबिगर राहायचा न्हाई, लहानपणापासनं तसाच हाय त्यो. त्यानं म्हणायचं आणि मी ‘बरं’ म्हणायचं, ते मी आधीच ठरवलं हुतं.”

“शालन!” काका दचकले.

“का? सदतीस वर्षं झाली लग्नाला. आमच्या खोलीतनं सगळ्यांची वाट हाय परसात जायला,” काकू मला सांगत होत्या, पण टाकी फिरली तशा समोरच्या गाईंना सांगितल्यासारख्या झाल्या. “सासरे, दीर, जावा, त्यांची पोरं. ह्यो संग्राम पण तिथनंच जायचा तांब्या घेऊन. दाराला कडी घालणार कशी? माणसांनी जायचं कुठनं? लेकीकडं आलो, तर निजायला हॉल. फ्रिज उघडला की उजेड तोंडावर. दोघांनी मोठ्यानं हसायचं म्हटलं तरी उद्या कोण काय म्हणेल... ‘घे गं’ म्हणालं कुणी की जन्मभर ‘नको नको’ म्हणत आले मी. म्हटलं, एकदा ‘बरं’ म्हणून तर बघावं.”

“अगं पोरांसमोर काय बोलतीस!” काका पाण्यात बघत म्हणाले. त्यांचे कानही लाल झाले होते. माझ्या सासरच्या पुरुषांचे कान असेच होतात हे मला तेव्हा समजलं.

“पोरं कसली? लग्न झालंय त्यांचं.”

मला रडू येतंय की हसू हे मला कळेना. “काकू, मला तुमचा फार राग आला होता,” मी म्हणाले.

“आला असंल की. यायलाच पायजे.”

आणि त्या इतक्या सहज म्हणाल्या की माझंही तोंड उघडलं. मी सांगून टाकलं सगळं, नळ न सोडता. पत्र, एक जुलै, तीन दिवसांचा बेत. “मी यांना विचारलं, राहू की जाऊ, तर म्हणतात, तुला जसं वाटेल तसं. मला काय वाटतं ते मला माहीत आहे. यांना काय वाटतं तेच मला कळत नाही!”

तेवढ्यात खरखर आवाज झाला आणि टाकी गचकन थांबली. वाळूवर बसली होती.

“मी ढकलतो,” संग्राम घाईघाईनं म्हणाला आणि पँट वर करून पाण्यात उतरला. पळ काढायला त्याला तेवढंच निमित्त मिळालं. पण काकांनी कडेवरून वाकून त्याचा खांदा धरला.

“थांब. आधी सांग. गाडी सोडायची का थांबवायची?”

“कुठली गाडी?”

“नाटकं नकोत! कंट्रोलर खिडकीत गप बसून राहिला तर ड्रायव्हरनं काय समजायचं? पॅसेंजरनं काय समजायचं? ती तिकीट घेऊन उभी हाय. तू सांगायचं. सोडायची, का थांबवायची?”

संग्राम गुडघाभर पाण्यात उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. कान लालबुंद. मग दोन्ही हातांनी टाकीला असा जोर लावला, जणू आम्हाला एकदाचं नजरेआडच करायचं आहे. टाकी वाळूतून सुटली, प्रवाहात शिरली आणि तो मागे राहिला.

“संग्राम!” काकू ओरडल्या.

“टण! टण!” काका गडबडले. “न्हाई न्हाई, डबल न्हवं! टण!”

टाकी गिरक्या घेत चालली होती. मला तो दिसायचा, मग टेकडी दिसायची, मग परत तो, आणखी लहान झालेला. आणि मग तो पळायला लागला. नदीतून, पाणी उडवत, धडपडत. आणि ओरडला.

“नको जाऊस!”

“काय म्हणाला?” काकांनी विचारलं.

“केतकी, नको जाऊस! मला तू इथं हवीयस!”

“मोठ्यानं बोल! ऐकू येत न्हाई!” काका ओरडले. त्यांना चांगलं ऐकू येत होतं.

“मला! तू! हवीयस!” तो इतक्या मोठ्यानं ओरडला की काठावरच्या सगळ्या गाईंनी माना वर केल्या. “मला पडदे निळे हवेत! आणि मला दुधी आवडत नाही! अजिबात आवडत नाही!”

मी उभी राहिले. टाकी कलली, काकूंनी माझी ओढणी धरली. “मग इतके दिवस का नाही म्हणालास?” मी काकांसमोर त्याला पहिल्यांदाच ‘अरे’ केलं होतं आणि तेही ओरडून.

“तू राहिली असतीस! माझ्यासाठी! मनाविरुद्ध!” त्याचा पाय घसरला, तो आडवा झाला, परत उठला. “तशी नको होतीस!”

“मी राहते! पण घरात बसणार नाही! इथं शिकणार आणि शिकवणार!”

“शिकव!”

“आणि शनिवार-रविवारी कुणालाही ‘चला ना’ म्हणायचं नाही!”

यावर तो क्षणभर थांबला. ते त्याला खरंच जड गेलं. मग दोन्ही हात वर करून ओरडला, “नाही म्हणणार!” आणि परत पळत सुटला.

पुढच्या वाळूवर टाकी अडकली तेव्हा तो पोचला, धापा टाकत, नखशिखान्त भिजलेला. काकांनी हात देऊन त्याला वर ओढलं, बाकावर बसवलं, खिशातला रुमाल दिला. “पॅसेंजर चढला,” ते म्हणाले. मी त्याच्या शेजारी बसले आणि काका-काकूंच्या देखत त्याचा ओला हात हातात घेतला. काकू लगेच पवनचक्कीकडे पाहायला लागल्या, आणि टाकी फिरली तरी मान वळवून वळवून तिकडेच पाहत राहिल्या.

मी नोकरीला येत नसल्याचं साताऱ्याला कळवलं, ओमाहात दोन वर्षं परत शिकले, आणि तेव्हापासून तिथल्याच एका कॉलेजात गणित शिकवते आहे. पडदे निळे आहेत.

पण मला सांगायचंय ते त्याच दिवशीचं. संध्याकाळी आम्ही परत आलो तेव्हा सात वाजले होते आणि ऊन लख्ख होतं. कणगीच्या दाराशी काकू थांबल्या. त्यांनी आत पलंगाकडे पाहिलं, तांब्याच्या टबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळून हसून म्हणाल्या, “केतकी, आजच्या रात्री तुम्ही दोघं ऱ्हावा हो इथं. आम्ही जातो गाड्यात.”

“बरं,” मी म्हणाले.

काकूंचं हसू ओठांवरच राहिलं. काकांनी खिशातून डायरी काढली आणि परत ठेवली. संग्रामनं माझ्या कोपराला चिमटा काढला. मी मनात तीनपर्यंत मोजलं, त्यापुढे मला धीर धरवेना, आणि मी खळखळून हसत सुटले.

“नको, काकू. खरंच नको. मला आमचा गाडाच हवाय.”

“अगं पण तू शोधलीस जागा...”

“मला गाडा हवाय. एकच पलंग आहे, तोही अरुंद.”

काकूंनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग तोंडाला पदर लावला आणि हसता हसता दाराच्या चौकटीला टेकल्या. “शिकलीस गं पोरी,” त्या म्हणाल्या. “दोन दिवसांत शिकलीस. मला सदतीस वर्षं लागली.” त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला, काकांना दंडाला धरून आत घेतलं आणि दार लावलं.

आम्ही चार पावलं गेलो असू. मागे लोखंडाची कडी सरकल्याचा खणखणीत आवाज झाला. आणि मग आतून, त्या गोल पत्र्यात घुमत, काकांचा आवाज आला.

“टण टण!”